झिंग्याचे कवच आणि धानाचा करपा

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात, डोंगरांच्या कुशीत बोदलकसा तलाव आहे. हा सारा मुलूखच तळ्यांचा आणि धानाचा. तळ्यांत मासे-झिंगे, तर खाली धानाच्या बांध्या. रोवणीनंतर शेतकऱ्याला धास्ती असते ती करप्याची. पानांवर डोळ्याच्या आकाराचे, मध्ये राखाडी व कडेला तपकिरी ठिपके पडतात. लोंबीची मान काळी पडून मोडली, तर दाणाच भरत नाही.

करपा एका बुरशीमुळे होतो. या बुरशीचा आणि झिंग्याचा काही संबंध असेल का? आहे! झिंग्याच्या कवचात आणि बुरशीच्या पेशीभित्तिकेत एकच पदार्थ असतो, तो म्हणजे कायटिन. १८११ साली हेन्री ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो प्रथम अळिंबीतून वेगळा केला.

कायटिन हे सेल्युलोजसारखेच शर्करेच्या कड्यांनी बनलेले नैसर्गिक बहुवारिक आहे. फरक इतकाच, की त्याच्या प्रत्येक कडीवर नायट्रोजनला जोडलेला एक ॲसिटिल गट असतो. तीव्र अल्कलीत तापवून हे गट बरेचसे काढून टाकले, की मिळते कायटोसॅन. असा बदललेला पदार्थ सौम्य आम्लात विरघळतो, हे १८५९ साली रूजे यांनी दाखवले.

या छोट्याशा बदलाने काय साधते? ॲसिटिल गट गेल्यावर मोकळे अमिनो गट उरतात. आम्लधर्मी पाण्यात ते हायड्रोजन आयन उचलतात आणि साखळीवर ठिकठिकाणी धनभार येतो. बुरशीच्या पेशीपटलावर मात्र ऋणभार असतो. साहजिकच साखळी तेथे चिकटते, पटल विस्कळीत होते आणि आतील क्षार बाहेर पाझरू लागतात. बीजाणू रुजणे, तंतू वाढणे मंदावते. पाणी अल्कधर्मी असेल तर हा धनभार नाहीसा होतो आणि गुणही ओसरतो.

दुसरा परिणाम खुद्द रोपावर होतो. कायटिनचे तुकडे म्हणजे शत्रूची चाहूल, हे धानाचे रोप ओळखते. ते ओळखणारे प्रथिन जपानी शास्त्रज्ञांनी २००६ साली धानात शोधले. चाहूल लागताच रोप बुरशीची भित्तिका तोडणारी विकरे बनवू लागते. कायटोसॅनच्या फवाऱ्यानेही रोपाची संरक्षणव्यवस्था जागी होते.

पण करप्याची बुरशीही कमी नाही. पानात शिरण्यासाठी ती वातावरणाच्या सुमारे ८० पट दाब निर्माण करते. शिवाय आपल्या वाढत्या तंतूंवरील कायटिनचे ती कायटोसॅन करून घेते, म्हणजे रोपाला तिची ओळख पटणे अवघड जाते! जो बदल आपण कारखान्यात करतो, तोच ती लपण्यासाठी करते. भित्तिकेत गुंफलेले हे कायटोसॅन तिला बाधत नाही. बाधते ते बाहेरून पटलाला भिडणारे.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. झिंग्याची धुतलेली कवचे व्हिनेगरमध्ये ठेवा. बुडबुडे येतील, कारण कवचातील कॅल्शियम कार्बोनेट विरघळते. एक-दोन दिवसांनी कवच मऊ पडेल. उरते ते मुख्यतः कायटिन आणि प्रथिने. कायटोसॅन बनवण्याची पायरी मात्र शाळेत करू नये. गरम कॉस्टिक सोडा फार घातक असतो.

मग करप्याचे औषध सापडले म्हणायचे का? तसे नाही. साखळीची लांबी, किती ॲसिटिल गट काढले आणि बुरशीची जात यांवर परिणाम अवलंबून असतो. प्रयोगशाळेतील बशीत जे घडते, ते पावसाने धुतल्या जाणाऱ्या पानावर तितकेच घडेल असे नाही. कायटोसॅन रोगापूर्वीची तयारी म्हणून उपयोगी पडू शकते. मान मोडलेली लोंबी ते परत उभी करणार नाही. शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवताना आपण हा फरक नक्की सांगायला हवा.