पिकअपचा हौदा : ठिगळ कीं नवा पत्रा ?

कांदा, भाजीपाला, दूध व खतें यांची ने-आण करणारी पिकअप ही लहान मालमोटार सांप्रत पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारीं उभी असते. गाडीची धाव सैल झाली किंवा आरा मोडला तर काय करावें, हें आपणांस वाडवडिलांपासून ठाऊक आहे. परंतु पिकअपच्या हौद्याचा पत्रा सडला म्हणजे निर्णय बहुधा वेल्डिंगवाल्याच्या मर्जीवर सोडला जातो. तो मालकानें स्वतः पाहून करावा, एवढ्याकरितां पुढील विचार मांडीत आहों.

लोखंडास हवा व पाणी मिळालें कीं गंज चढतो, आणि त्यांत क्षार मिसळला म्हणजे तो फार जलद वाढतो. पोटॅश, अमोनियम सल्फेट यांसारखीं खतें हीं क्षारच होत. त्यांचा सांडलेला चुरा, जनावरांचें मूत्र व ओली माती पत्र्याच्या जोडांत बसून ओल धरून ठेवतात. सबब वर भोक दिसतें तेव्हां खालीं पुष्कळ नुकसान झालेलें असूं शकतें.

म्हणून प्रथम हौदा धुऊन वाळवावा व वाहन सपाट जागीं उभें करून, चाकांस दगड लावून, खालून पाहावें. नुसत्या जॅकवर उचललेल्या वाहनाखालीं मात्र कोणीं कधींही शिरूं नये. तळाचा पत्रा, त्याखालील आडवे आधार आणि हौदा ज्यावर बसतो ती चॅसिस, हीं तिन्ही निरनिराळीं तपासावीं. लहान हातोडीनें ठोकलें असतां शाबूत लोखंड खणखणतें, सडलेलें बद्द वाजतें. शंका येईल तेथें टोकदार हत्यार दाबून पाहावें व खडूनें खूण करावी.

नुसता वरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशानें चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासून प्राइमर व रंग द्यावा. एकदोन ठिकाणीं भोक असून आधार शाबूत असतील तर ठिगळ पुरे; परंतु सडका भाग कापून काढून त्याच जाडीचा तुकडा कडेला कड जुळवून जोडावा. जुन्यावर नुसता पत्रा ठेवून जोडल्यास दोहोंमध्यें पाणी मुरतें व ठिगळाभोंवतीं नवीं भोकें पडतात.

खुणा सर्वत्र पडल्या तर सबंध तळ बदलावा. येथें जाड पत्र्याचा मोह होतो. त्याचा हिशेब करावा. १ मिलिमीटर जाडीचा १ चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो भरतो. ९ फूट लांब व साडेपांच फूट रुंद तळाचें क्षेत्र सुमारें ४.६ चौरस मीटर होतें. २ मिलिमीटरऐवजीं ४ मिलिमीटर पत्रा घातला तर सुमारें ७२ किलो, म्हणजे पन्नास किलोच्या जवळजवळ दीड गोणीइतकें वजन प्रत्येक खेपेस फुकट वाहावें लागेल.

आधारच सडले असतील तर त्यांवर नवा पत्रा घालणें म्हणजे कुजलेल्या वाशांवर कौलें घालणें होय. आधी आधार बदलावे. बहुतेक आधार व बाजूचे फाळकेही गेले असतील तर नव्या हौद्याचा खर्च ताडून पाहावा. चॅसिसला चीर किंवा खोल गंज असेल तर गांवच्या भट्टीवर काम न करवितां तें वाहन उत्पादकाच्या अधिकृत कारखान्यांत दाखवावें.

वेल्डिंगपूर्वीं बॅटरीची ऋण तार सोडवावी. इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या व तारा कोठून जातात तें पाहावें. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याचा धूर छातींत गेल्यास हुडहुडी भरून ताप येतो; म्हणून जोडाजवळील मुलामा घासून काढून काम उघड्यावर करावें.

दुरुस्तीच्या निमित्तानें हौदा लांब किंवा उंच करून घेण्याची सूचना होते, ती मानूं नये. नोंदणींतील तपशिलाशीं विसंगत फेरफार करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वयें मनाई आहे. नुकसान अपघाताचें असेल तर पत्रा कापण्यापूर्वीं विमा कंपनीस कळवावें. गंजाची व झिजेची भरपाई मात्र सामान्यतः मिळत नाहीं.

शेवटीं, दोन ठिकाणचे अंदाज लेखी घ्यावे व त्यांत पत्र्याची जाडी, वजन आणि मजुरी निरनिराळी मांडून घ्यावी. हें काम मृगापूर्वीं उरकावें, पाणी जाण्याचीं भोकें मोकळीं ठेवावीं, आणि खताची खेप झाली कीं त्याच दिवशीं हौदा धुवावा. दोन बादल्या पाण्यानें जें वांचतें, तें पुढें शेंकडों रुपयांच्या पत्र्यानेंही भरून येत नाहीं.