ग्लुकोज-वाहक जनुकांची शरीरातील कार्यस्थाने

मानवी शरीरात ग्लूट कुलातील १४ वाहक प्रथिने ज्ञात आहेत. त्यांची जनुके प्रत्येक केंद्रकयुक्त पेशीत असली, तरी सर्वत्र सारखी कार्यरत नसतात. ग्लूट-१ चे जनुक मेंदूतील केशवाहिन्यांच्या अस्तरपेशींत, ग्लूट-२ चे यकृत, लहान आतडे व मूत्रपिंडात, ग्लूट-३ चे चेतापेशींत, तर इन्सुलिनला प्रतिसाद देणाऱ्या ग्लूट-४ चे स्नायू व मेदपेशींत प्रामुख्याने कार्यरत असते. या स्थानभेदाचे महत्त्व १९९१ मध्ये प्रथम वर्णिलेल्या एका विकारात दिसते. ग्लूट-१ च्या कमतरतेमुळे रक्तात ग्लुकोज पुरेसे असूनही मेंदू उपाशी राहतो व बालकास झटके येतात. स्निग्धपदार्थप्रधान आहार दिल्यास यकृतात निर्माण होणारी कीटोन द्रव्ये निराळ्या वाहकाद्वारे मेंदूस ऊर्जा पुरवितात. म्हणजेच जनुकाचे कार्यस्थान कळल्यानेच येथे उपचाराची दिशा स्पष्ट होते.