मुक्काम फरीदाबाद, भटकंती दिल्ली-आग्र्याची

दिल्ली पाहायला निघालेलं मराठी कुटुंब बहुधा पहाडगंज किंवा करोलबागेत खोली शोधतं. थोडं दक्षिणेला सरकलं, की फरीदाबाद. १६०७ साली जहांगीरचा खजिनदार शेख फरीद याने वसवलेलं हे गाव आता कारखान्यांचं शहर आहे; नुसतं तेच पाहायला कुणी जाणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

सोय मात्र दांडगी. बल्लभगडच्या राजा नाहरसिंह स्थानकात मेट्रोत बसायचं आणि गाडी न बदलता थेट लाल किल्ला स्थानकावर उतरायचं. बाहेर पडलं, की समोर चांदनी चौक. १८५७च्या उठावातल्या सहभागाबद्दल याच नाहरसिंहाला इंग्रजांनी ९ जानेवारी १८५८ रोजी तिथे फाशी दिलं.

मथुरा आणि आग्रा तर फरीदाबादच्याच लोहमार्गावर. सकाळी निघून रात्री मुक्कामी परत येता येतं. फक्त वार पाहून बेत आखावा: शुक्रवारी ताजमहाल बंद, सोमवारी लाल किल्ला. पानिपतचं काला आंब, म्हणजे तिथल्या लढाईचं स्मारक, दिल्लीच्या पलीकडे. मराठी माणसाला ते चुकवता येत नाही, तेव्हा त्या दिवशी पहाटेच निघावं.

फेब्रुवारीत गेलात, तर एक दिवस फरीदाबादलाही द्या. १९८७पासून भरणारा सूरजकुंडचा हस्तकला मेळा तेव्हाच असतो.