सब्जाच्या पानातलं तेल

निरवांगीच्या शिवारात, नीरेकाठी, उसाचं राज्य. तिथे सब्जा दिसलाच तर बांधावर किंवा परसात. फालुद्यातलं फुगलेलं बी ओळखीचं. पानाकडे मात्र कुणी बघत नाही, याची मला खंत वाटते.

पान उलटं करून भिंगाखाली धरा. बारीक चकचकीत ठिपके दिसतील. त्या तैलग्रंथी. पान चुरगळलं की त्या फुटतात आणि वास सुटतो. वासात बडीशेपेची झाक असेल तर तेलात मिथाइल चॅविकॉल हा घटक जास्त, धण्यांसारखा गोडसर असेल तर लिनालूल, लवंगेसारखा असेल तर युजेनॉल. झाड एकाच जातीचं, पण वाणागणिक रसायन वेगळं. लखनौच्या ‘सीमॅप’ या संशोधन संस्थेने काढलेल्या ‘सिम-सौम्या’ वाणात मिथाइल चॅविकॉल आणि लिनालूल दोन्ही भरपूर असतात.

तेलाचा उतारा मात्र तुटपुंजा: 100 किलो हिरव्या पाल्यातून वाफेच्या ऊर्ध्वपातनाने जेमतेम काहीशे ग्रॅम. म्हणून कापणीची वेळ महत्त्वाची. फुलोरा भरात असताना कापावं. मंजिऱ्यांतही तेल असतं. पाणी आणि युरिया मारून पाला वाढतो, तेलाचं प्रमाण त्याच मापाने वाढेलच असं नाही. कापलेला पाला सावलीत पसरावा. कडक उन्हात तेल उडून जातं.