शब्दांची सोबत

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवावा अशी इच्छा झाली, की आपण प्रथम शब्दकोश उघडतो. विद्यार्थिदशेत मीही रोज वीस शब्द अर्थासह वहीत उतरून पाठ करीत असे. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी, हा त्यांतलाच एक. पुढे सरकारी नोकरीत रजेच्या अर्जापासून खर्चाच्या प्रस्तावापर्यंत सर्वत्र तोच अर्थ भेटत गेला. एके दिवशी मात्र एका राष्ट्राने दुसऱ्यावर ‘सँक्शन्स’ लादल्याचे वृत्तपत्रात वाचले आणि मी थबकलो. मंजुरी कोणी लादते काय? पुढील चार वाक्यांत व्यापार थांबल्याचे, बंदरांत माल अडकल्याचे वर्णन होते. तेव्हा उलगडा झाला, की येथे त्या शब्दाचा अर्थ निर्बंध असा आहे. माणसाप्रमाणे शब्दाचीही पारख त्याच्या सोबतीवरून होते.

हे तत्त्व आपल्याच देशात पूर्वी पारखले गेले आहे. मायकेल वेस्ट हे शिक्षणाधिकारी अविभक्त बंगालमध्ये ढाक्यास काम करीत होते. पुष्कळ मुले शिक्षण अर्ध्यावर सोडतात, हे त्यांनी पाहिले. विम्याचे हप्ते मध्येच थांबले तरी काही रक्कम हाती येते. तसे अर्धवट शिक्षणातूनही काही पदरात पडावे, आणि ते म्हणजे वाचनाची शक्ती, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी आपल्या वाचनमालेत दुर्मीळ शब्द गाळून नित्याचे शब्द घातले. नवा शब्द बेताने आणावा आणि आणला की पुनःपुन्हा भेटवावा, असा क्रम ठेवला. 1953 साली त्यांनी सुमारे 2000 उपयुक्त शब्दांची यादीही प्रसिद्ध केली.

श्रोतेहो, हाच मार्ग आपणांसही घरबसल्या अनुसरता येईल. पाणीटंचाई, बसभाडे, टपालकचेरी, लग्नाचा खर्च अशा परिचित विषयांवरील दीड-दोनशे शब्दांचा उतारा निवडावा. विषय ओळखीचा असला म्हणजे अर्थाचा निम्मा भार तोच उचलतो. शंभरांत दोन-तीनच शब्द अनोळखी असावेत. अधिक असल्यास उतारा सोपा घ्यावा. प्रथम कोशाविना वाचून अर्थाचा तर्क करावा, मग कोशात पडताळावा. नवा शब्द वहीत एकटा न लिहिता त्याच्या वाक्यासह लिहावा आणि आठवड्याने तो उतारा पुन्हा वाचावा.

माझ्या जुन्या वहीतील बहुतेक शब्द मी विसरलो. परंतु त्या बातमीत भेटलेला ‘सँक्शन’ मात्र आजही त्या अडकलेल्या मालासह आठवतो.