घटना आणि तिचें उत्तर : संगणकाच्या विद्यार्थ्यास उदाहरण कसें निवडावें?

पुरणपोळीची कृति सांगणें सोपें असतें. डाळ शिजवावी, गूळ घालावा, पुरण वाटावें, कणीक मळावी. एकापुढें एक पायऱ्या आणि शेवटीं पोळी. पण सणाच्या दिवशीं तेंच स्वयंपाकघर चालविणाऱ्या गृहिणीचें काम असें ओळीनें लिहितां येत नाहीं. दार वाजलें, मूल रडलें, दूध उतूं गेलें, सासूबाईंनीं हांक मारली. जें ज्या क्षणीं घडेल त्यास तेव्हांच उत्तर द्यावें लागतें. संगणक शिकणाऱ्या मुलांमुलींना नेमका हाच भेद ओलांडावा लागतो, आणि पुष्कळ हुषार विद्यार्थी येथेंच अडखळतात.

आरंभींच्या धड्यांतील प्रोग्रॅम कृतीसारखा असतो. बटनें व माउस असलेला प्रोग्रॅम गृहिणीसारखा असतो. तो वाट पाहत राहतो. बटन दाबलें किंवा नेमलेला वेळ संपला, कीं त्या घटनेसाठीं ठरविलेला लहानसा भाग चालतो आणि पुन्हां वाट पाहणें सुरू होतें. या भागास प्रोग्रॅममध्यें कोणी हांक मारतांना दिसत नाहीं. म्हणून वरून खालीं वाचणारा गोंधळून जातो.

घरगुती संगणकांवर ही रीत रुळूं लागली ती १९८४ चा मॅकिंटॉश व १९८५ चें विंडोज यांच्यामुळें. विंडोजसाठीं प्रोग्रॅम लिहिण्यावरील चार्लस पेट्झोल्ड यांचें पुस्तक १९८८ सालीं निघालें. त्यांतील पूर्ण व चालणारीं उदाहरणें टंकून पुष्कळजण शिकले. १९८७ च्या हायपरकार्डमध्यें बटनामागील आज्ञा उघडून वाचतां व बदलतां येत. १९९१ च्या व्हिज्युअल बेसिकमध्यें बटनावर दोन टिचक्या मारल्या, कीं त्याचें उत्तर लिहावयाची जागाच समोर येई. घटना व तिचें उत्तर शेजारीं शेजारीं दिसलें, कीं विषय उलगडतो, हाच या सर्वांचा बोध.

आज अशीं उदाहरणें फुकट मिळतात. पायथन भाषेबरोबर येणाऱ्या आयडल या संपादकाच्या हेल्प यादींत ‘टर्टल डेमो’ आहे. तेथें एका बाजूस प्रोग्रॅम व दुसऱ्या बाजूस त्याचें चित्र दिसतें. त्यांतील ‘पेंट’ हें उदाहरण आम्ही प्रथम सुचवूं : माउसची डावी कळ दाबावी तेथें कासव जातें. कळ आणि हालचाल यांची गांठ कोणत्या ओळींत बांधली आहे, तें विद्यार्थ्यानें स्वतः शोधावें. नंतर ‘क्लॉक’ घ्यावें. तेथें कांटे हलविणारा भाग आपलें काम संपवितांना ‘ऑनटायमर’ला, थोड्या वेळानें मला पुन्हां उठव, असें सांगून ठेवतो.

पुढें टीकिंटरमध्यें बटनें करतांना दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. बटनास कार्याचें नुसतें नांव द्यावयाचें. नांवापुढें कंस लावले तर तें कार्य बटन दाबण्यापूर्वींच उरकतें. दुसरें, घटनेचें उत्तर थोडक्यांत असावें. तेथें लांबलचक हिशेब मांडला, तर तो संपेपर्यंत सारी खिडकी गोठते. दाराशीं गप्पा मारीत बसलेल्या गृहिणीस चुलीवरचें दूध दिसत नाहीं, तसेंच हें.

उदाहरण लहान, पूर्ण व चालणारें असावें. तें आधीं चालवावें, मग एक ओळ बदलून काय होतें तें पाहावें, आणि शेवटीं मिटून स्मरणानें लिहावें. हल्लीं कृत्रिम बुद्धि क्षणांत तयार प्रोग्रॅम देते. तिची मदत घेण्यास आमची हरकत नाहीं. पण चालणारा प्रोग्रॅम हातीं येणें आणि विद्या येणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वडील मंडळींना संगणक येत नसला तरी त्यांनीं एवढा एकच प्रश्न विचारावा : “बाळ, हा भाग केव्हां चालतो, आणि त्यास हांक कोण मारतें?” याचें उत्तर न अडखळतां आलें, तर अभ्यास खरोखर झाला असें समजावें.