चौकोनात मावलेला नूर

लग्नसराई संपली की आपल्या बहुतेक घरांत एक प्रश्न उरतो: आलेल्या लग्नपत्रिकांचे करायचे काय? मिठाईचे रिकामे डबे भंगारात जातात, आहेराची पाकिटे फाटतात. पत्रिकेच्या माथ्यावर मात्र सोनेरी अक्षरांत बिस्मिल्लाह असते आणि ती कचऱ्यात टाकायला हात धजत नाही. आमच्या घरी कपाटावर अशा पत्रिकांची एक पिशवी आहे. दादी होत्या तोवर दरवर्षी त्या ती वाहत्या पाण्यात सोडायला लावत. दादी गेल्या, ओढा गटार झाला, आणि पिशवी फुगतच चालली आहे.

यंदा घरातल्याच लग्नाच्या पत्रिका छापायच्या होत्या, म्हणून आम्ही गावातल्या स्क्रीन प्रिंटिंगच्या कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, दोन टेबले आणि छपाई करणारे चाचा. त्यांनी नमुन्यांचा अल्बम पुढे केला. आम्ही पाने उलटली आणि सगळ्यांत देखणी, वेलबुट्टीसारखी गुंफलेली अरबी अक्षरे पसंत केली. सोबत आलेल्या आठवीतल्या भाचीने विचारले, "पण यात लिहिलंय काय?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. बिस्मिल्लाह असणार, एवढे ठाऊक होते. पण कोणते अक्षर कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे आमच्यापैकी एकालाही बोट ठेवून दाखवता येईना. चाचा हसले. म्हणाले, "चाळीस वर्षं छापतोय, मलाही सगळं नाही वाचता येत."

त्या प्रश्नाने आम्हाला गप्प केले. ज्या अक्षरांच्या अदबीपोटी आपण पत्रिका वर्षानुवर्षे सांभाळतो, ती अक्षरे आपण वाचतो की नुसती पाहतो? पुढच्या काही दिवसांत याच प्रश्नाचा माग काढताना आम्हाला एक चित्रकार भेटले, ज्यांनी याच स्क्रीन प्रिंटिंगच्या साधनाने अरबी शब्दांवर प्रयोग केले होते. त्यांचे नाव कमाल बुल्लाता.

बुल्लाता यांचा जन्म १९४२ साली जेरुसलेममध्ये, म्हणजे आपल्या बैतुल मुकद्दसमध्ये, एका पॅलेस्टिनी ख्रिस्ती कुटुंबात झाला. लहानपणी ते खलील हलबी नावाच्या चित्रकाराकडे ख्रिस्ती संतांची पारंपरिक चित्रे काढायला शिकले. आणि त्याच वयात ते कुब्बतुस्सखराच्या समोर तासन् तास बसून त्यावरची भौमितिक नक्षी आणि कोरीव अक्षरे वहीत उतरवून घेत. एकाच शहरात, एकाच मुलाच्या हातात हे दोन्ही वारसे आले. पुढे रोमच्या कला अकादमीत त्यांचे शिक्षण झाले.

जून १९६७ मध्ये युद्ध पेटले, तेव्हा ते आपल्या चित्रप्रदर्शनासाठी बैरुतला गेले होते. पूर्व जेरुसलेम इस्रायलच्या ताब्यात गेले आणि प्रदर्शनासाठी घराबाहेर पडलेल्या या तरुणाला घरी परतायची वाट उरली नाही. वय होते पंचवीस. मग वॉशिंग्टन, नंतर मोरोक्को, फ्रान्स आणि शेवटी बर्लिन, असा त्यांचा मुक्काम बदलत राहिला. चित्रे काढणे, पुस्तके लिहिणे, पॅलेस्टिनी कलेचा इतिहास जमवणे हे सारे त्यांनी परक्या गावांत केले.

अमेरिकेत असताना त्यांच्या हाती रेशमी जाळीची छपाई आली, म्हणजे आपले स्क्रीन प्रिंटिंग. त्यांनी त्यातून काय काढले हे समजायचे तर आधी चाचांच्या टेबलाशी परत जायला हवे.

लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणलेली असते. पूर्वी ती रेशमाची असे, आता नायलॉन किंवा पॉलिस्टरची. अंधाऱ्या खोलीत जाळीवर एक रसायन पसरून वाळवतात. मग जे छापायचे त्याची काळी अक्षरे असलेली फिल्म जाळीला लावून तिच्यावर उजेड सोडतात. उजेड पडेल तिथले रसायन कडक होते. काळ्या अक्षरांमागे उजेड पोहोचत नाही, म्हणून तेवढी जागा कच्ची राहते आणि पाण्याने धुतली की मोकळी होते. आता चौकट कागदावर टेकवून रबरी पट्टीने शाई ओढली की मोकळ्या जागेतून अक्षर खाली उतरते. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते. दुसरा रंग केसभर सरकला तरी काम बिघडते, म्हणून चाचा दर कागद टेबलावर ठोकलेल्या खुणांना टेकवून लावतात.

या छपाईत रंग सपाट आणि भरदार बसतो, कडा धारदार येतात. कलमाच्या फटकाऱ्याची जाड-बारीक लय मात्र तिच्यात आपोआप उमटत नाही. बुल्लाता परंपरेने शिकलेले खत्तात नव्हते. त्यांनी कलमाची नक्कल करण्याऐवजी अशी लिपी निवडली जिला कलम लागतच नाही. ती म्हणजे चौकोनी कूफी.

कूफी लिपीचे नाव इराकमधल्या कूफा शहरावरून पडले. तिचा चौकोनी प्रकार इराण आणि मध्य आशियातल्या विटांच्या इमारतींवर वाढला. वीट गोल वळत नाही, म्हणून अक्षरही वळत नाही. सगळ्या रेघा उभ्या किंवा आडव्या, सगळ्यांची जाडी सारखी, आणि दोन रेघांमधली मोकळी जागाही तेवढीच. नुक्ते बहुधा नाहीत. अक्षर दगड-विटांत असे वस्तीला येणे आपल्या दख्खनलाही नवे नाही. विजापूरचा इब्राहिम रौझा पाहिलेल्यांना आठवत असेल, तिथे खिडक्यांच्या दगडी जाळ्याच अरबी अक्षरांच्या आहेत. लिपी तिथे वेगळी आहे, पण अक्षर कागदापुरते नसते हे तिथेही दिसते.

बुल्लाता यांनी ही विटांची लिपी कागदावर आणली आणि तिला रंग दिला. पट्टी आणि चौकटी घेऊन ते शब्द रचत. शब्द फिरवून, आरशात पाहावा तसा उलटवून, कधी चौकोन कोनावर उभा करून त्याची सममित आकृती बनवत. मग एकेक रंगाची जाळी करून छापत. त्यांचे १९८२ चे एक छापचित्र आहे 'नूर अला नूर'. हे शब्द सूरह नूरमधले आहेत, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. दुसऱ्याच वर्षीच्या एका छापचित्रात योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवातीची ओळ अरबीत आहे. कुरआनातले शब्द आणि इंजिलातली ओळ, दोन्ही एकाच लिपीत, एकाच शिस्तीने. कुणाची अदब जास्त आणि कुणाची कमी, असा भेद छपाईत दिसत नाही. अरबी भाषा ही त्यांच्या लेखी मुसलमान आणि ख्रिस्ती पॅलेस्टिनींचे सामाईक घर होती. मातीचे घर हिरावले गेले तेव्हा ते या घरात राहिले.

ही चित्रे प्रथम पाहताना फक्त नक्षी दिसते. मग एखादा अलिफ सापडतो, त्याला टेकलेला लाम सापडतो, आणि डोळा वाट काढू लागतो. मान वाकडी करावी लागते, कधी कागदच फिरवावा लागतो. शब्द लागतो तेव्हा मिळवल्यासारखा वाटतो. आमच्या पसंतीच्या पत्रिकेवरची अक्षरेही वाचायला अवघड होती. फरक एवढाच की ती आम्ही नक्षी म्हणून विकत घेत होतो आणि पुढे निघालो होतो. बुल्लाता यांचे चित्र पुढे जाऊ देत नाही.

पुढे त्यांच्या कामातून शब्द विरत गेले. चौकोन, कर्ण आणि एकमेकांवर पसरलेल्या पारदर्शक रंगांची चित्रे उरली. उतारवयातल्या एका चित्रमालेचे नाव त्यांनी 'बिल्किस' ठेवले. हजरत सुलेमान यांच्या महालातली काचेची फरशी पाणी समजणाऱ्या राणीची हकिकत आपण सूरह नम्लमध्ये वाचतो. अक्षर गेले तरी उजेडाचा शोध सुटला नाही.

निर्वासित माणसाच्या हातात छापचित्र असणे याला आम्हाला एक वेगळा अर्थ दिसतो. भिंतीवरचे चित्र भिंतीसोबत जाते. छापलेला कागद गुंडाळून नेता येतो आणि एक प्रत हरवली तरी दुसरी कुठेतरी उरते. बुल्लाता यांची छापचित्रे आज ब्रिटिश म्युझियमसारख्या संग्रहांत आहेत. ते स्वतः १९८४ मध्ये एका माहितीपटाच्या निमित्ताने जेरुसलेमला पाहुण्यासारखे जाऊन आले. ऑगस्ट २०१९ मध्ये बर्लिनला त्यांचे निधन झाले आणि त्याच महिन्यात, कुटुंबीयांच्या प्रयत्नांनंतर, जेरुसलेमच्या मातीत त्यांचे दफन झाले. जिवंतपणी राहायला न मिळालेल्या गावात जागा मिळाली ती एवढीच.

आम्ही चाचांकडे परत गेलो. पत्रिकेवर अरबी अक्षरे घ्यायची नाहीत असे घरात ठरले होते. मराठीत साधे शब्द छापले, जे प्रत्येक पाहुण्याला वाचता येतील.

भाचीने मात्र गणिताची चौकटींची वही काढली. आपल्याही मुलांना हे करून पाहता येईल. 'नूर' लिहायचे, नून, वाव, रे. अट अशी की रेघ एका घराची, रेघांमधली मोकळी जागाही एका घराची, आणि काहीही गोल किंवा तिरके चालणार नाही. वावच्या गोल डोक्याने तिला सर्वांत जास्त रडवले. खोडरबराने दोन पाने फाटली. तिसऱ्या दिवशी जमले. चाचांनी उरलेल्या निळ्या शाईत त्याच्या मोजून दहा प्रती काढून दिल्या. तिने हाताने आखलेला, प्रत्येक घर मोजलेला तो शब्द आता आमच्या दिवाणखान्यात आहे. कुणी विचारले की ती बोट ठेवून वाचून दाखवते.

मागच्या रविवारी आम्ही कपाटावरची पिशवी खाली काढली. मशिदीत अशा कागदांसाठी पेटी ठेवली आहे, तिथे ती द्यायची होती. देण्याआधी सगळे जमिनीवर बसलो आणि एकेक पत्रिका हातात घेऊन वरची अक्षरे लावायचा प्रयत्न केला. सगळी लागली नाहीत. जी लागली नाहीत, त्या पाच पत्रिका अजून घरीच ठेवल्या आहेत.